विंडोज ११ नको झाली, १० वर परत जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या छापखान्यांत, सहकारी सोसायट्यांत, सायबर सेंटरांत आणि उद्यमबागेतल्या वर्कशॉपांत एकाच मशीनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा चालतात. सोबत एखादा जुना प्रिंटर असतो आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं एखादं सॉफ्टवेअरही असतं. विंडोज ११ आली की यातलं काहीतरी एक अडतं आणि लगेच ‘जुनीच मारून द्या’ ही मागणी सुरू होते. कधी ती रास्त असते, पुष्कळदा नसते.

मेनू आणि कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच करायची.

विंडोज ११ येऊन चारच दिवस झालेत. फॉरमॅट न मारता मागे जाता येतं का?

येतं. विंडोज १० वरून अपडेट होऊन ११ आली असेल, तर पहिले १० दिवस जुनी विंडोज सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवलेली असते. सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी इथे जा आणि ‘गो बॅक’ दाबा. कारण विचारतील, कुठलंही निवडा. ‘आधी अपडेट शोधू का’ असं विचारतील, ‘नो थँक्स’ म्हणा. मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होईल. एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) असेल तर बहुधा अर्ध्या तासाच्या आत उरकतं, जुन्या हार्डडिस्कवर एक-दोन तास धरून चाला.

आधी दोन गोष्टी तपासा. अपडेटच्या वेळी विंडोज १० चा जो पासवर्ड होता तो आठवतो का? मागे गेल्यावर तोच लागतो, ११ वर नवा केलेला चालत नाही. दुसरं म्हणजे, अपडेटनंतर मशीनवर एखादं नवं युजर खातं उघडलं असेल तर ते आधी काढून टाका, नाहीतर मागे जाण्याची प्रक्रिया तिथेच अडते.

दहा दिवसांत कळत नाही. मुदत वाढवता येईल का?

६० दिवसांपर्यंत येते, पण पहिल्या १० दिवसांच्या आतच हे करावं लागतं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ही कमांड द्या:

डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०

‘डिस्म’ म्हणजे डी-आय-एस-एम. प्रत्येक स्लॅशच्या आधी एक जागा सोडायची, ‘ओएसअनइन्स्टॉलविंडो’ मात्र सलग लिहायचं. मुदत खरंच वाढली का हे ‘सेट’च्या जागी ‘गेट’ घालून आणि व्हॅल्यूचा भाग गाळून बघता येतं. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या मशीनवर अपडेट झाल्या दिवशीच ही कमांड देऊन ठेवावी. मार्चअखेरीचा हिशेब किंवा लग्नपत्रिकांची एक तरी मोठी ऑर्डर निघाल्याशिवाय काय अडतंय ते कळत नाही आणि ते काही दहा दिवसांत होत नसतं.

‘गो बॅक’ राखाडी दिसतंय, दाबलंच जात नाही.

मुदत संपली असेल. किंवा कुणीतरी ‘सी ड्राइव्ह भरला’ म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर टिक करून सगळं पुसलं असेल. क्लीनर सॉफ्टवेअरही हेच करतात. तिसरं कारण सहसा ध्यानात येत नाही: ११ आल्यावर पाठोपाठ तिचीच एखादी मोठी आवृत्ती, म्हणजे २४एच२ सारखी, बसली असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये आता १० नसते, आधीची ११ असते. या तिन्हींत बटणाचा मार्ग बंद होतो आणि कोरी विंडोज टाकणं एवढंच उरतं. त्याची कृती खाली दिली आहे.

बटणाने मागे गेल्यावर काय राहतं, काय जातं?

डॉक्युमेंट, फोटो, डेस्कटॉपवरच्या फाइली राहतात. ११ आल्यानंतर टाकलेली सॉफ्टवेअर, ड्रायव्हर आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. तरी बॅकअप घेतल्याशिवाय बटण दाबू नका.

बॅकअप घेताना वनड्राइव्हचा सापळा ओळखा. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली की पुष्कळदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर गुपचूप वनड्राइव्हच्या आत सरकतात. तिथे फुकट जागा फक्त ५ जीबी. फाइलच्या शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल मशीनवर नाहीच, फक्त इंटरनेटवर आहे. पेनड्राइव्हवर कॉपी करायला गेलात आणि नेट गेलं की कॉपी फसते. म्हणून वनड्राइव्ह फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळ्या ढगांचे हिरवे टिक होऊ द्या आणि मगच कॉपी करा. ‘विंडोज बदलली आणि डेस्कटॉपवरच्या फाइली गेल्या’ ही तक्रार आली की आधी सी > युजर्स > तुमचं नाव > वनड्राइव्ह > डेस्कटॉप उघडून बघावं. बहुतेक वेळा सगळं तिथेच असतं.

स्टार्ट बटण मधे आलं, राइट क्लिकचा मेनू बदलला, काही सापडत नाही. एवढ्यासाठी मागे जावं का?

नाही. ही दहा मिनिटांची कामं आहेत. सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > टास्कबार > टास्कबार बिहेवियर्स इथे अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. तिथेच ‘कम्बाइन टास्कबार बटन्स’ला ‘नेव्हर’ केलं की प्रत्येक फाइल पूर्वीसारखी वेगळी दिसते; ही सोय ११ मध्ये सुरुवातीला नव्हती, २०२३ मध्ये परत आली. राइट क्लिकचा जुना मेनू हवा तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. वर्डपॅड २४एच२ पासून काढून टाकलंय, त्याच्या जागी लिब्रेऑफिस टाका.

नवा लॅपटॉप ‘स्टोअरबाहेरचं काही टाकू देत नाही’ म्हणत असेल तर तो ‘एस मोड’मध्ये आहे. सेटिंग्ज > सिस्टिम > ॲक्टिव्हेशनमधून त्यातून फुकट बाहेर पडता येतं. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत जाता येत नाही, पण जायचंय कुणाला?

मशीन फारच रेंगाळतं. १० वर गेल्यास पळेल का?

थोडं. पण दुखणं बहुधा दुसरीकडेच असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काही न करताही ‘डिस्क’ १०० टक्क्यांवर अडकून असेल, तर फिरणारी हार्डडिस्क हेच कारण. अशा मशीनवर विंडोज १० सुद्धा रडतच चालते. २.५ इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची, बसवली आणि रॅम ८ जीबी केली तर जो फरक पडतो तो विंडोज बदलून पडत नाही. रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा: १३३३ किंवा १६०० असेल तर डीडीआर३, २४००, २६६६ किंवा ३२०० असेल तर डीडीआर४. एकाच्या जागी दुसरी बसत नाही, खाचच वेगळी असते.

मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नसताना युक्तीने ती टाकलेली असेल, तर मात्र मागे गेलेलं बरं. या अटी अशा: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा ८ व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर (एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून). अटींबाहेरच्या मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

नवी विंडोज टाकल्यापासून वर्डमधल्या मराठी फाइलींच्या ओळी सरकल्या. फाइल बिघडली का?

फाइल शाबूत आहे, फॉन्ट नाही. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० आणि ११ या दोन्हींत आपोआप येत नाहीत. ते ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या वेगळ्या गठ्ठ्यात असतात. मंगल सापडला नाही की विंडोज त्या जागी निर्मला वापरते, मजकूर वाचता येतो, पण ओळी आणि पानं पुढेमागे होतात. स्टार्टमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा आणि हा गठ्ठा जोडा. कन्नडचा ‘तुंगा’ फॉन्टही असाच ‘कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स’मध्ये मिळतो, दोन्ही एका फेरीत टाकून घ्या.

मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसत असेल तर ती गोष्ट निराळी. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे आणि तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये टाकलेला नाही. सरकारी कचेरीतून आलेल्या, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या पत्राचं नेमकं असंच होतं. तोच फॉन्ट टाकल्याशिवाय इलाज नाही.

आता इथे एक बारीक खोच आहे. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून, फॉन्ट फाइलवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ दाबलं की फॉन्ट सगळ्या मशीनसाठी न बसता फक्त त्या युजरच्या खात्यात बसतो. वर्डला तो दिसतो, पण पेजमेकर किंवा कोरलड्रॉ या छपाईच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीला दिसेलच असं नाही. म्हणून फॉन्टवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडायचं. विंडोज ११ मध्ये त्यासाठी आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ उघडावं लागू शकतं. ‘११ मध्ये पेजमेकरला फॉन्ट दिसत नाहीत’ म्हणून १० मारून घेतलेल्या मशीनवर पुन्हा तीच अडचण येते, कारण १० चंही वागणं हेच आहे.

विंडोज काढण्याआधी जुने फॉन्ट दोन ठिकाणांहून उचला: सी > विंडोज > फॉन्ट्स, आणि सी > युजर्स > तुमचं नाव > ॲपडेटा > लोकल > मायक्रोसॉफ्ट > विंडोज > फॉन्ट्स. दुसरं ठिकाण लपवलेलं असतं. एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू केल्यावर दिसतं. दहा वर्षं जमवलेले पत्रिकांचे फॉन्ट फॉरमॅटमध्ये जातात ते याच विसरामुळे.

लिपी-सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्ससाठी लावायचा यूएसबीचा तुकडा) ११ ओळखत नाही. १० वर ओळखेल?

कदाचित, पण आधी हे करून बघा. विंडोज सिक्युरिटी > डिव्हाइस सिक्युरिटी > कोअर आयसोलेशन इथे ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं बटण आहे. नव्या मशीनवर ते चालू असतं आणि जुन्या बांधणीचे ड्रायव्हर ते लोड होऊ देत नाही. डोंगलचा ड्रायव्हर जुना असेल तर तो इथेच अडतो. डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आजचा ड्रायव्हर टाकणं हा पहिला उपाय. ते जमलं नाही तर हे बटण बंद करून रीस्टार्ट करा. त्याने मशीनचं एक संरक्षण कमी होतं, म्हणून अशा मशीनवर बँकेची कामं करू नयेत.

सॉफ्टवेअर १६-बिटचं असेल, म्हणजे विंडोज ९५ किंवा डॉसच्या काळातलं, तर ते कुठल्याही ६४-बिट विंडोजवर चालत नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० ची आहे, आणि मागे जाण्याचं हे एक खरं कारण ठरू शकतं. त्याहून बरी वाट म्हणजे ११ च्या आत व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात जुनी विंडोज चालवणं. डोंगलचा यूएसबी त्या आतल्या मशीनला जोडून देता येतो आणि आतल्या विंडोजचं नेट बंद ठेवता येतं. त्यासाठी रॅम ८ जीबी तरी हवी.

मराठी-कन्नड टायपिंगमध्ये भाषा आपोआप बदलते.

भाषांची यादी फुगलेली असते. ‘इंग्लिश (इंडिया)’ आणि ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ दोन्ही, वर मराठी, वर कन्नड, आणि त्या प्रत्येकाखाली दोन-दोन कीबोर्ड. सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजनमध्ये जाऊन इंग्रजी एकच ठेवा. मराठीखाली इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक यातलं एक ठेवा आणि कन्नडचंही तसंच करा. फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून आतच मिळतो, बाहेरून काही टाकावं लागत नाही. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेसबार. नुडी किंवा तसंच बरह हे सॉफ्टवेअर चालू असताना विंडोजचा कन्नड कीबोर्डही निवडलेला असेल तर अक्षरं दुहेरी फिरतात. त्या वेळी विंडोजची भाषा इंग्रजीवर ठेवायची.

दुकानातला प्रिंटर दुसऱ्या मशीनवरून चालायचा, ११ आल्यापासून चालत नाही.

यात दोन वेगळे बिघाड असतात.

एररच्या शेवटी ‘११बी’ असेल, तर सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटने दोन मशीनमधली ओळखपरेड कडक केली, त्याचा हा परिणाम. आधी दोन्ही मशीनवर सगळी अपडेट टाका. तरीही अडलं तर प्रिंटर ‘लोकल प्रिंटर’ म्हणून जोडा: ‘क्रिएट ए न्यू पोर्ट’, प्रकार ‘लोकल पोर्ट’, आणि पोर्टचं नाव म्हणून दोन उलटे स्लॅश, मशीनचं नाव, एक उलटा स्लॅश, प्रिंटरचं शेअर नाव. मग ड्रायव्हर निवडा. रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) बदलून सुरक्षाच बंद करायचा उपाय सर्रास सांगितला जातो, तो नको.

प्रिंटरबरोबर शेअर केलेलं फोल्डरही उघडत नसेल तर कारण दुसरं. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचं ‘गेस्ट’ शेअरिंग बंद केलं आहे. ज्या मशीनला प्रिंटर जोडलाय तिच्यावर पासवर्ड असलेलं एक साधं खातं उघडा आणि दुसऱ्या मशीनवरून जोडताना तेच नाव-पासवर्ड द्या, ‘रिमेंबर’वर टिक करा. पाच मिनिटांचं काम.

डीफॉल्ट प्रिंटर रोज बदलतो? प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ बंद करा.

वर्कशॉपमध्ये सीएनसीला (काँप्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्राम पाठवायची केबल ११ वर मेली.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पीएल२३०३ च्या नावापुढे ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ असं काही लिहिलेलं दिसतंय ना? यूएसबी ते सिरियल केबलमधली ती चिप जुनी किंवा नकली आहे आणि नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो. सीएनसी आणि पोर्ट दोन्ही ठीक आहेत. त्या ओळीवर राइट क्लिक > अपडेट ड्रायव्हर > ब्राउज माय कॉम्प्युटर > लेट मी पिक, आणि यादीतली जुन्या तारखेची आवृत्ती निवडा. यादीत एकच असेल तर जुना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. पुढच्या एखाद्या अपडेटने विंडोज पुन्हा नवा ड्रायव्हर चढवू शकते, त्यामुळे एफटीडीआय चिपची केबल घेऊन मोकळं व्हावं. केबलपायी विंडोज बदलणं म्हणजे ढेकणापायी घर जाळणं.

बटणाचा मार्ग बंद आहे. कोरी विंडोज १० कशी टाकायची?

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून पेनड्राइव्ह तयार करा. ४ ते ६ जीबी डेटा जातो, मोबाइल हॉटस्पॉटवर करणार असाल तर हिशेब ठेवा. दुसऱ्या पेनड्राइव्हवर मशीनच्या कंपनीच्या साइटवरून लॅन आणि वायफायचे विंडोज १० चे ड्रायव्हर उतरवून ठेवा. हे राहिलं की विंडोज बसते, वायफाय लागत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट नाही असा तिढा होतो.

लॅपटॉप ११ सकटच विकत घेतला असेल तर त्या मॉडेलसाठी कंपनी १० चे ड्रायव्हर देते का हे आधी बघा. देत नसेल तर हट्ट सोडा. टचपॅड, साउंड, फिंगरप्रिंट यातलं काहीतरी लंगडं राहील. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन जातींचे कोअर असतात, त्यांच्यावर कामाची नीट वाटणी ११ करते, १० ला ते तितकंसं जमत नाही.

पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबत राहा: डेल, लेनोवो आणि एसर यांत बहुधा एफ१२, एचपीत एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ लिहिलेला निवडा. दुसरा निवडलात तर पुढे ‘डिस्क जीपीटी पार्टिशन स्टाइलची आहे’ म्हणून विंडोज बसत नाही. ‘कस्टम’ निवडा. डी ड्राइव्हवरचा डेटा ठेवायचा असेल तर फक्त जुन्या सीचं पार्टिशन फॉरमॅट करा, आणि ते आकारावरून ओळखा, कारण इथे सी-डी अशी अक्षरं दिसत नाहीत. १०० एमबीचं ‘सिस्टिम’ पार्टिशन आणि १६ एमबीचं एमएसआर यांना हात लावू नका.

‘कुठलाही ड्राइव्ह सापडला नाही’ असं येतंय. हार्डडिस्क उडाली का?

इंटेल ११ व्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या लॅपटॉपवर हे नेहमीचं आहे. तिथे एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि विंडोज १० च्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर उतरवा, त्याची फाइल सोडवून पेनड्राइव्हवर टाका आणि त्याच पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. एसएसडी लगेच दिसते.

निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागतोय.

ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या मशीनवर हे कुलूप मालकाला न कळताही लागलेलं असतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट किंवा टीपीएम बदललं तर ते ही ‘की’ मागतं. ज्या ईमेलने मशीन सुरू केलं त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून ‘रिकव्हरी की’ शोधा. पडद्यावरच्या की आयडीची पहिली अक्षरं जुळवून योग्य ती घ्या. खातं कुणाचं होतं तेच आठवत नसेल, दुकानदाराने आपल्याच ईमेलने सुरू करून दिलं असेल, तर त्याला गाठा. की मिळाली नाही तर डेटा मिळत नाही, कुणीही कितीही पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हटलं तरी.

म्हणून बायोसला हात लावण्याआधीच सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

१० परत टाकल्यावर पुन्हा लायसन्स विकत घ्यावं लागतं?

खऱ्या १० वरून ११ वर गेला असाल तर नाही. लायसन्स मशीनच्या बोर्डाशी बांधलेलं असतं. तीच एडिशन टाकून नेट जोडलं की आपोआप लागतं. मेख ‘तीच एडिशन’ यात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. त्यावर प्रो टाकली तर ॲक्टिव्ह होणार नाही. आधी सेटिंग्ज > सिस्टिम > अबाउटमध्ये एडिशन बघून लिहून ठेवा. सिंगल लँग्वेजवर मेनू मराठीत किंवा कन्नडमध्ये करता येत नाहीत, पण टायपिंग सगळ्या भाषांत चालतं, ते अडत नाही.

११ सकटच आलेल्या मशीनवर खालच्या आवृत्तीचा हक्क प्रो एडिशनला असतो, होमला नसतो.

अंगठ्याचं मशीन, डिजिटल सही, टॅली यांचं काय?

डिजिटल सही टोकनमध्ये असते, काँप्युटरमध्ये नाही. विंडोज बदलली तरी ती जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकायचा. चुकून टोकनच ‘इनिशियलाइज’ करू नका, मग सही खरोखर जाते.

अंगठ्याच्या मशीनला ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी ठसा पाठवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही लागतात, आधी ड्रायव्हर, मग सर्व्हिस. ही सर्व्हिस ११,१०० ते ११,१२० या पोर्टवर चालते. अँटीव्हायरसने ते अडवले की ‘डिव्हाइस नॉट रेडी’ येतं आणि दोष विंडोजला लागतो.

टॅलीचं लायसन्स त्या मशीनला चिकटलेलं असतं. फॉरमॅटच्या आधी टॅलीमधूनच ते सरेंडर करा, नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. डेटा फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी केल्यावर तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप धरू नये.

विंडोज १० आता वापरणं धोक्याचं नाही का?

तिचा फुकट आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापुढे सुरक्षा अपडेट हवे असतील तर ‘ईएसयू’ नावाची योजना आहे. घरगुती मशीनसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप खात्यात ठेवला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ अशी ओळ येते. संस्थांसाठी दर वेगळा: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त ३ वर्षं. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटीव्हायरसची व्हायरस यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, पण तिने विंडोजमधली भोकं बुजत नाहीत.

थोडक्यात, १० वर परत जाणं म्हणजे मुदतवाढ घेणं आहे. फक्त पत्रिका छापणाऱ्या, नेट नसलेल्या मशीनवर खुशाल वापरा. ठेवीदारांचे पैसे सांभाळणाऱ्या सोसायटीच्या मशीनवर ईएसयूशिवाय नको.

मग थेट विंडोज ७ च का नको? ती तर सगळ्यात हलकी होती.

तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोमही तिच्यावर १०९ व्या आवृत्तीला थांबलं. सेवा सिंधू (कर्नाटक सरकारचं सेवांचं पोर्टल), भूमीचा आरटीसी (जमिनीचा) उतारा, बँका, जीएसटी ही सगळी कामं ब्राउझरमधून होतात. ती तिथे आज ना उद्या अडणार. शिवाय नव्या मशीनवर ७ चा पेनड्राइव्ह लावला की कीबोर्ड-माउसच चालत नाहीत, कारण तिच्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत.

‘लाइट’ किंवा आधीच ॲक्टिव्हेट केलेली १० टाकून देतो म्हणतात.

नको. त्यातून अपडेट आणि डिफेंडर काढून टाकलेले असतात, आणि आणखी काय घातलंय ते कळायला मार्ग नसतो.

१० टाकली, पण आठवड्यात पुन्हा ११ चा आग्रह सुरू झाला.

पडदाभर जाहिरात आली तर ‘कीप विंडोज १०’ किंवा ‘डिक्लाइन’ शोधून दाबा. ते बारीक अक्षरांत असतं. प्रो एडिशनवर ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटखाली ‘सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ चालू करा, पहिल्या रकान्यात ‘विंडोज १०’ आणि दुसऱ्यात ‘२२एच२’ लिहा. ईएसयू घेतलं असेल तर सुरक्षा अपडेट येत राहतात, ११ येत नाही.

हे काम केव्हा करावं?

लग्नसराईत, मार्चअखेरीस आणि गणपतीच्या पावतीपुस्तकांच्या गर्दीत करू नये. खानापूरकडे पावसाळ्यात तर अजिबात नको. ‘गो बॅक’ चालू असताना वीज गेली की कधी ना ही विंडोज ना ती अशी गत होते. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉपला साधा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांच्या वर टिकत नाही आणि काम तासाभराचं असतं, तेव्हा इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडा. मॉनिटर बंद केला तरी चालतो. मधेच अडकलं आणि मशीन सुरूच होईना, तर सलग तीनदा चालू करून लोगो दिसताच बंद करा. चौथ्यांदा दुरुस्तीचा निळा पडदा येतो, त्यात ट्रबलशूट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > स्टार्टअप रिपेअर आधी चालवा.